चार हजार एक पणत्या

विक्रोळीत रांगा लावण्यात माझा हात धरणारा दुसरा मंडपवाला नाही. शाळेत मात्र मी दुसरीच्या रांगेतून पुढे सरकलोच नाही, मास्तरांनीच हात टेकले.

त्रिपुरी पौर्णिमेला चाळींमधल्या मैदानात पणत्या मांडायचं काम माझं. एका घराने एक रांग पेटवायची. घरं भरपूर, त्यामुळे रांगा कितीही करा, पण सगळ्या सारख्या. मागे एका घराला एक पणती कमी आली, तर तिथली बाई अजून शेजारणीच्या हळदीकुंकवाला जात नाही.

बायकोने सकाळी मोजून चार हजार पणत्या दिल्या. मी ऐंशी-ऐंशीच्या पन्नास रांगा मांडल्या. एकदम झकास. तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी आले.

"पूर्ण आकडा ठेवतात काय रे शुभकार्यात? अहेराला पाचशे देतोस की पाचशे एक? वर एक टाक. आणि रांगा सारख्याच हां. भांडण झालं ना, तर गणपतीचा मंडप दुसऱ्याला देईन."

गणपतीचा मंडप गेला की माझ्या वर्षाची वाट लागली. म्हटलं, "एकच तर पणती, साहेब. दोन मिनिटं."

ती दोन मिनिटं चार वाजेपर्यंत चालली. एक्केचाळीसच्या रांगा केल्या, चोवीस उरल्या. त्रेचाळीसच्या केल्या, दोनच उरल्या. वाटलं, जमतंय. सत्तेचाळीसच्या केल्या, सहा. मोबाइलवर भागाकार होतो हे मला सुचलंच नाही. मी आपला खरोखरच्या पणत्या उचलून मांडतोय. शेवटी बायकोवर ओरडलो, "तूच मोजायला चुकलीस!"

तिने पदर खोचला आणि सगळ्या परत मोजल्या. चार हजार एक.

बाजूच्या सोसायटीतल्या एक रिटायर्ड गणिताच्या बाई कट्ट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, मूळ संख्या आहे ती. फुटायची नाही."

"म्हणजे काय, बाई?"

"म्हणजे सगळ्यांची एकच लांब रांग लावा, नाहीतर एकेका पणतीच्या चार हजार एक रांगा. तिसरा मार्ग नाही."

मी हायवेच्या दिशेने बघितलं. एका रांगेला जागा पुरेल का, याचा मी खरंच विचार करत होतो.

सेक्रेटरी आले, तेव्हा बाईंनी त्यांनाही तेच ऐकवलं. वर म्हणाल्या, "आकडा तुम्ही दिलात ना? मग ह्याला कशाला दम देता?"

सेक्रेटरींनी डोकं खाजवलं. "बरं बाबा. पन्नास रांगा कर परत. ती एक मारुतीपुढे ठेव. मंडप तुझाच."

कंबर मोडली, पण दिवेलागणीला सगळं पेटलं. कुणाचं भांडण नाही. मी छाती काढून चार लोकांना सांगत सुटलो, "बघितलंत? एवढ्या पणत्या, पण माझी मोजणी एकानेही चुकली नाही!"

बायको हाताचं तेल पुसत होती. म्हणाली, "मोजल्या मी, दोन वेळा. तुम्ही नुसते ओणवे होतात."