एका मिनिटाची फाईल

आमच्या घरात गणित फक्त मी करतो, कारण दारव्ह्याच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. उत्तरापुढं एकक लिहिलं नाही तर मी सरळ अर्धा मार्क कापतो. (पोट्टे मला मागून काय म्हणतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही.)

तर घरी फायबर आलं. शंभर मेगाबिटचं! केसाएवढ्या काचेच्या तारेतून उजेड धावतो अन् त्यातून माहिती येते, हे मी गल्लीत घरोघरी जाऊन समजावलं. समजावता समजावता प्रत्येक घरी पासवर्डही देऊन आलो. आमच्या गल्लीत शिडी एकाच्याच घरी असते, पण ती साऱ्यांची असते. मग वायफायचं काय वेगळं?

माझी मुलगी रसिका हिनं वर्षभर मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर काळीपिवळी जीपवर एक फिल्म केली होती. टपावर बसलेली माणसं, मागं लटकलेली माणसं, ड्रायव्हरच्या मांडीवरचं कोणाचं तरी गाठोडं! ती फिल्म पुण्याच्या एका कोर्सला पाठवायची होती. शेवटची वेळ संध्याकाळी पाच. हुकलं की वर्ष गेलं. पोरगी बिचारी दुपारीच लॅपटॉप उघडून बसली.

"बाबा, आता पाठवून देऊ का?"

"कायले घाई करून राह्यली? फाईल केवढी हाये?"

"सहा हजार मेगाबाईट."

"अन् लाईन शंभरची. सहा हजार भागिले शंभर, साठ. साठ सेकंद! एका मिनिटाचं काम हाये, जेव आधी."

ती जेवली. मग मी म्हटलं, फिल्म एकदा शेवटची पाहून घे. तिनं पाहिली. मग मला वाटलं, एवढा पराक्रम साक्षीदाराशिवाय कसा करायचा? म्हणून शेजारच्या बंडूभाऊंना बोलावलं. बंडूभाऊ आले म्हणजे चहा आला.

"अवो, पोरीले करू द्या ना तिचं!" आमच्या सौ., म्हणजे सुमन, आतून ओरडल्या.

"तुले फायबर समजते का?" मी विचारलं. त्यांनी नुसतं भांडं आपटलं.

पाचाला वीस मिनिटं कमी असताना मी एकदाचा हुकूम दिला, "हं, दाब!" रसिकानं दाबलं. मी घड्याळ लावलं. मिनिट झालं. निळी पट्टी आपली नखाएवढी सरकलेली! खाली लिहून आलं, उरलेला वेळ पाऊण तास.

"सर," बंडूभाऊ बशी ओठाला लावत म्हणाले, "हे मिनिट लय मोठं हाये."

आधी मी कंपनीला शिव्या दिल्या. मग राऊटरला टिचक्या मारल्या. अन् मग डोक्यात उजेड पडला. लाईन मेगाबिटात अन् फाईल मेगाबाईटमध्ये! आठ बिट मिळून एक बाईट होतो. कंपनी केळी सुटी मोजते अन् फाईल डझनानं, असा तो प्रकार. मी आठानं गुणलंच नव्हतं!

"म्हणजे आठ मिनिटं लागतात," मी हळूच म्हटलं. "लाईन पूर्ण आपली असली तर."

"अन् ती आपली कुठं हाये?" सुमन म्हणाली. "वाटली ना साऱ्या गल्लीले!"

कान दिला तर खरंच! एका घरात मॅच, एका घरात मालिका, कुठं पोट्ट्यांचे रील्स. सारी गल्ली माझ्या फायबरवर मजेत! मी राऊटरचं बटन बंद करायला धावलो.

"बाबा!" रसिका किंचाळली. "बंद केलं तर पयलेपासून सुरू होईन!"

मी अनवाणीच रस्त्यावर पळालो. "लेकाहो, वायफाय बंद करा! पोरीची फिल्म अडकली!"

"दोन ओवर राह्यले सर!" एका खिडकीतून आवाज आला.

दुसरीतून मायेनं विचारपूस झाली, "काहून सर, तुमच्याकडं नाई चालून राह्यलं? आमच्याकडं मस्त चालू हाये!"

परत आलो तर रसिका रडत होती. आवाज न करता. मला इतकं वाईट वाटलं, की त्या पट्टीला हातानं ढकलावंसं वाटलं. तेवढ्यात सुमननं पदर खोचला, फाटकात उभी राहिली अन् साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "नळ आले वोऽऽ!"

आमच्याकडं नळ कधी येतील ते नळालाच ठाऊक. आले की माणूस लग्नाच्या पंगतीतूनही उठतो. पाणी ओढायला टिल्लू पंप लावला की गल्लीचं व्होल्टेज पडतं, म्हणून आधी टीव्ही बंद करायचा, ही रीत. पटापट टीव्ही बंद झाले. फोन खाटेवर पडले, बकेटा खणखणल्या. (सारं डोळ्यांनी पाहत असलेले बंडूभाऊसुद्धा चहा टाकून आपल्या ड्रमकडं पळाले!)

अन् पट्टी पळाली की हो! अर्धी झाली, पाऊण झाली. पाच वाजायच्या जरासं आधी पडद्यावर आलं, फाईल मिळाली. रसिका आधी आईच्या गळ्यात पडली, मग माझ्याकडं पाहून हसली. मी तिथंच फरशीवर बसकण मारली. हुश्श! एवढं मोकळं मला माझी नोकरी पक्की झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

पण फाटकाबाहेर रिकाम्या बकेटा घेऊन गल्ली उभी होती.

"आता तुमी सांभाळा," म्हणून सुमन आत गेली.

मी मुकाट्यानं आमच्या बोअरची मोटर सुरू केली अन् पाईप फाटकावरून बाहेर सोडला. गल्ली शांत झाली. बंडूभाऊंनी पाईप आपल्या ड्रममध्ये घातला अन् आदरानं विचारलं, "सर, तुमची मोटर मिनिटाले किती लिटर देते? म्हणजे माहा ड्रम किती वेळात भरन?"

सारी गल्ली माझ्या तोंडाकडं पाहू लागली. मी खाकरलो, बोट वर केलं.

"बाबा!" रसिका खिडकीतून ओरडली.

बोट खाली घेतलं. म्हटलं, "बंडूभाऊ, वाहू लागला की भरला समजा."