खुर्चीवरचं अस्वल

पुस्तक आमच्या ह्यांनी आणलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या जवळच टेमघरात नवी इंग्रजी शाळा निघाली होती आणि नर्सरीत घ्यायच्या आधी तिथे तीन-तीन वर्षांच्या पोरांचा इंटरव्ह्यू होई. त्यात विचारणार काय, तर हे पुस्तक. जाड पुठ्ठ्याची पानं, पानापानावर प्राणी, खाली यमक. ‘वन फॅट बेअर ऑन अ चेअर.’ पान उलटलं की ‘टू लिटल हेन्स विथ टू रेड पेन्स.’ कोंबडीला पेन! आमच्याकडे कोंबडी रविवारी दिसायची, तीही रश्शात.

पण हसायची सोय नव्हती. वडपे गावातलं आमचं गोदाम भाड्याने दिल्यापासून ह्यांना एकच ध्यास, पोरगी त्याच शाळेत गेली पाहिजे. आणि खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. मी अंबाडी गावची, बारावी मराठीतून. बँकेत कुणी इंग्रजीत बोललं की माझी बोबडी वळते. लेकीची वळू नये, एवढंच माझं मागणं.

मग काय, घास तोंडात आणि अस्वल कानात. शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट दिवसभर, त्यामुळे आम्ही यमकं ओरडून म्हणायचो. महिन्याभरात पोरगी पोपटासारखी म्हणायला लागली. ‘वन’ म्हणजे काय, हे तिला सांगायचं मात्र आम्हा दोघा शहाण्यांना सुचलंच नाही. यमक पाठ झालं ना, झालं तर!

आकडे ती शिकली माझ्या सासऱ्यांकडे. ते पायलीने भात मोजायला बसले की ही मांडीला चिकटून. आमच्याकडे मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. घरात बरकत राहावी म्हणून. लाभ, दोन, तीन, असं पुढे. आणि मध्ये कुणी तोंड उघडलं तर मोजणी मोडली, माप ओतून पुन्हा लाभापासून सुरुवात. सासरे तिला बजावत, “एक म्हनायचा न्हाय हां पोरी. लाभ म्हनायचा.”

इंटरव्ह्यूच्या दिवशी मॅडम टेबलापलीकडे, आणि बाजूच्या सोफ्यावर शाळेचे एक ट्रस्टी. ते आमच्या नात्यातलेच, आम्ही त्यांना काका म्हणायचो. बापजाद्यांचं सगळं शेत गोदामांखाली घालून मोठे झालेले. त्यांना बघून मला हायसं वाटलं. आमच्या आधीच्या मुलाने नुसतं ‘वन’ म्हटलं तर मॅडम केवढ्यांदा म्हणाल्या, “व्हेरी गुड!” वर हातात गोळी.

मग आमचा नंबर. मॅडमनी अस्वलावर बोट ठेवलं. “हाऊ मेनी बेअर्स, बेटा? कितने?”

पोरगी ठणकावून म्हणाली, “लाभ!”

“नो बेटा. ट्राय अगेन.”

तिला वाटलं ऐकू गेलं नाही. लूमशेजारी वाढलेली ती, आणखी मोठ्याने ओरडली, “लाभ!” मग आपणच पान उलटून कोंबड्यांवर बोट ठेवून म्हणाली, “दोन!” आणि गोळीसाठी हात पुढे केला.

मी म्हटलं, “मॅडम, भात मोजताना आमच्यात...” तर त्या म्हणाल्या, “पेरेंट्स प्लीज चूप रहिये.” मी काकांकडे पाहिलं. आख्खा जन्म लाभ-लाभ करत मापं ओतलेला माणूस! एक शब्द बोलला असता तर माझ्या पोरीचं काम झालं असतं. तो पंख्याकडे बघत बसला. मुलगी अजून रेडी नाही, असं सांगून आम्हाला वाटेला लावलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ह्यांनी घरी येऊन बापाशी अबोला धरला आणि पोरगी मुकाट गल्लीतल्या मराठी बालवाडीत जायला लागली.

सुगी झाली आणि काका तांदूळ न्यायला आमच्या दारात हजर. शेताची गोदामं केली तरी जिभेला घरचाच तांदूळ लागतो ना! माप स्वतःच्या हाताने घालायची खोडही गेली नव्हती. गोणीशी उकिडवे बसले, टोपलीतून पायली भरली, गोणीत ओतली आणि म्हणाले, “लाभ.”

पोरगी तिथेच खेळत होती. मान तिरकी करून, अगदी मॅडमच्या सुरात म्हणाली, “नो बेटा. ट्राय अगेन.”

काकांचा हात पायलीतच राहिला. कानापर्यंत लाल झाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सोमवारी पाठव हिला शाळेत. मी बोलतो म्याडमशी.”

ह्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! मला हवं होतं ते उंबऱ्याशी चालत आलं होतं, पण माझा राग त्याहून मोठा निघाला. मी म्हटलं, “नको काका. तिला अजून ‘एक’ कुठे येतो?”

सासऱ्यांनी गोणी उचलून तांदूळ परत टोपलीत ओतला आणि पायली काकांपुढे सरकवली. “मोजनी मोडली. चला, पयल्यापासून.”

काकांनी पायली भरली, ओतली. खाली मान घालून पुटपुटले, “लाभ.”

“व्हेरी गुड!” पोरगी म्हणाली.