अनिताच्या रक्ताची दुसरी तपासणी

निमगाव केतकीच्या अनिताला हनुवटीवर केस यायला लागले ते लग्नाआधीच. आधी दोऱ्यानं काढायची, पुढं चिमट्यानं. पेरूच्या बागेत बायांबरोबर फळांना जाळी चढवताना ती पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची. उन्हासाठी असेल म्हणून कुणी विचारत नसे. पाळीचाही काही नेम नव्हता. एक मुलगी झाली, पण पुन्हा दिवस राहीनात, तेव्हा नवरा रविराज तिला बारामतीला हार्मोनच्या डॉक्टरकडं, आसावरी मॅडमकडं, घेऊन गेला.

मॅडमनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट रविराजच्या मोबाइलवर आला. टेस्टोस्टेरॉन बाईच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट. त्यानं मोबाइलवरच अर्थ शोधला आणि अंगणातल्या बाजेवर बसून राहिला.

"काय आलंय?" अनितानं विचारलं.

"ह्ये पुरुषांचं हार्मोन हाय म्हणं."

पुढं तो बोलेना. मग तिनंच मोबाइल घेऊन वाचलं. एवढं वाढलेलं असेल तर पोटात गाठ असू शकते, असं खाली लिहिलं होतं. लाजावं की घाबरावं हेच तिला कळेना. त्या दिवशी ती जेवली नाही. रविराजही ताटावरून उठला.

"तुमी का गप झालात? मी बाई न्हाय असं वाटलं व्हय?"

"येडी हायेस का? मला वाटलं, तू मरतीस."

दुसऱ्या दिवशी दोघं बारामतीला गेले. मॅडमनी रिपोर्ट पाहिला, मग अनिताकडं पाहिलं. "केस अलीकडं एकदम वाढलेत का?"

"न्हाय. पहिल्यासारखंच हायेत."

"आवाज घोगरा झालाय?"

"मोठा हाय," रविराज मध्येच म्हणाला, "पर त्यो पहिल्यापास्नंच."

अनिताला हसू आलं. सोनोग्राफीत गाठ दिसली नाही. मॅडम म्हणाल्या, "हा आकडा आणि तुम्ही, काही जुळत नाही. कुठलं औषध चालू होतं?"

"कायच न्हाय."

"पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या?"

अनिता गोंधळली. दिराच्या लग्नात अडचण यायला नको म्हणून सासूनं, भामाबाईंनी, मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या होत्या. लग्नानंतर सत्यनारायण, मग जेजुरी, असं करत त्या लांबत गेल्या. रक्त दिलं तेव्हाही चालूच होत्या. "त्ये औषध व्हय?"

मग मॅडमनी नीट समजावलं. हे हार्मोन प्रत्येक बाईच्या अंगात असतं, पण अगदी थोडं. नेहमीची तपासणी पुरुषाचं भरपूर प्रमाण बरोबर मोजते, पण एवढं थोडं मोजताना चुकते. त्यात ह्या गोळीतलं औषध त्या हार्मोनसारखंच दिसतं, म्हणून काही तपासण्यांत तेही त्यातच मोजलं जातं. गोळ्या बंद करून थोडं थांबायचं आणि रक्त पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवायचं. तिथलं यंत्र रेणूंच्या वजनावरून हार्मोन वेगळं ओळखतं. गाठ शोधायला सीटी स्कॅन करायचा का, ते त्यानंतर बघू.

थांबायच्या त्या दिवसांतच घरी कुळधर्म आला. भामाबाईंनी पुन्हा गोळ्यांची पट्टी पुढं केली.

"आत्या, मी गोळी घेणार न्हाय. अडचण आली तर बाजूला बसंन."

"आन् नैवेद्य कुणी करायचा? गोळीनं कुणाचं काय झालंय?"

"माझ्या पोटात गाठ हाय का न्हाय, त्ये ह्या गोळीमुळं कळंना झालंय."

गाठ हा शब्द भामाबाईंपर्यंत कुणी पोचवलाच नव्हता. त्यांनी पट्टी मागं घेतली. अनिताला खरंच पाळी आली, आणि पुरणपोळ्या त्यांनी एकटीनं लाटल्या. अनिताचं ताटही स्वतः वाढून नेलं.

पुण्याहून आलेला आकडा मर्यादेच्या जरासा वर होता. "गाठीची शंका राहिली नाही," मॅडम म्हणाल्या. "पीसीओएस आहे, म्हणजे बीजकोशाच्या हार्मोनचा बिघाड. पुष्कळ बायकांना असतो."

"आन् केस?"

"मूल हवंय तोवर केस कमी करायच्या गोळ्या देता येणार नाहीत, त्या गर्भाला बाधतात. आधी पाळी सुरळीत करू."

उपचार सुरू होऊन आता बरेच महिने झाले. पाळी बरीचशी वेळेवर येते. दिवस अजून राहिलेले नाहीत. चिमटा चालूच आहे. बागेत कुणी बाई रक्त तपासायला निघाली की अनिता मोठ्या आवाजात विचारते, "पाळीची गोळी घेतलीस का? घेतली आसंल तर डॉक्टरला आधी सांग." भोवतालच्या बाया लाजून खाली बघतात. ती पुढच्या पेरूला जाळी चढवते.