काढून ठेवलेला बल्ब

आमच्या गल्लीत त्यांना सगळे मीटरकाका म्हणतात. वय साठीला टेकलेलं, गळ्यात दोरीला अडकवलेला, व्होल्ट मोजायचा मीटर. गाड्यांचं वायरिंग, बॅटरी, चार्जिंग एवढंच त्यांचं काम. कोणतीही गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी ते म्हणतात, "चावी फिरवा, स्टार्ट करू नका." मग खिडकीतून वाकून डॅशबोर्डवरचे दिवे बोटाने मोजतात. एक जरी लागला नाही, तर आधी तो लावणार, मग बाकीचं काम. गिऱ्हाईक कावतं. काकू म्हणतात, "या दिव्यांकडे बघतात तेवढं निरखून लग्नातसुद्धा माझ्याकडे बघितलं नव्हतं." आम्ही हसायचो. काका हसायचे नाहीत. तिन्हीसांजेला रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागायला लागले, की ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे.

माझं स्पेअर पार्टचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे. मधे नुसता पत्रा.

गेल्या वर्षी एका सकाळी पांढरी पिकअप आली. चालवणारी बाई चाळिशीची, रोपवाटिकेतली रोपं घरोघर पोचवणारी. मागे कुंड्या रचलेल्या.

"काका, ही वर्षभरातली तिसरी बॅटरी," बाई म्हणाल्या. "बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटरही नवा टाकला. लांबच्या फेरीला काही होत नाही. यंदापासून गावातल्या गावात हळूहळू फिरते, तर दोन दिवसांत मान टाकते. तीन गॅरेज झाली."

"चावी फिरवा."

मी बेल्ट द्यायला गेलो होतो, म्हणून मला दिसलं. ऑइलचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. बॅटरीच्या खुणेमागे मात्र काळोख. काकांचं बोट तिथेच थांबलं. मग ते गाडीच्या मागे गेले. मागचा फाळका नंतर बसवलेला होता, त्याचा रंग वेगळा होता. त्यावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

"गाडी तुमचीच का, ताई?"

"आमच्या ह्यांची. ते गेल्यापासून मी चालवते. बारा वर्षं झाली."

काकांनी डॅशबोर्ड खोलला. बल्बची जागा रिकामी होती. माझ्याकडून बल्ब घेऊन त्यांनी तो बसवला. गाडी सुरू केल्यावर दिवा क्षणभर लागून विझला. मीटरवर चौदा पॉइंट दोन व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठीक.

"एवढ्याशा बल्बने?" बाईंना खरंच वाटेना.

"आल्टरनेटरला वीज करायला आधी थोडी वीज लागते. ती या बल्बातून जाते. बल्ब नसला तर गाडी जोरात पळवल्यावर आल्टरनेटर कधी आपणहून जागा होतो, कधी होत नाही."

"मग काढला कोणी?"

मी निघालो होतो. पत्र्याच्या अलीकडे येऊन उभा राहिलो.

"मी काढला," काका म्हणाले. "दिवा मिणमिणत राहतो, डोळ्यांत खुपतो, अशी तुमच्या मिस्टरांची तक्रार होती. इंजिन चालू होतं, मीटरवर चौदा दिसत होते. मला वाटलं, दिवाच खोटं बोलतोय. बल्ब काढला आणि म्हटलं, जा बिनधास्त."

काकांनी पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दोन दिवसांनी त्यांच्याबरोबरच्या हमालाकडून कळलं. धुक्यात गाडीचे दिवे मंदावत गेले, म्हणून त्यांनी ती कडेला घेतली. मागचा लाल दिवाही उरला नव्हता. काय झालं ते बघायला ते खाली उतरले, आणि मागून ट्रक आला. पोलिसांच्या कागदावर कारण म्हणून धुकं लिहिलं गेलं. मी महिनाभर एका जुन्या आल्टरनेटरवर करून पाहिलं, तेव्हा कळलं बल्ब काय करतो ते. तुमच्या घरापर्यंत दोनदा आलो होतो. दार वाजवलं नाही."

पत्र्यापलीकडून बाईंचा आवाज आला. "त्या दिवशी घरी आल्यावर हे म्हणाले होते, बरं झालं, गेला एकदाचा तो दिवा."

पिकअप सुरू झाली आणि गेली. काका दुपारपर्यंत एकाच स्टुलावर बसून होते. जेवायला वरच्या मजल्यावर घरीही गेले नाहीत.

महिन्याने बाई परत आल्या. गाडी चालूच ठेवून खाली न उतरता म्हणाल्या, "आकडा सांगा." काकांनी बॅटरीला वायरी लावून सांगितला. त्या गेल्या. तेव्हापासून दर महिन्याला येतात. गाडीत काही खोट नाही. पाणीसुद्धा घेत नाहीत. एकदा मी काकांना म्हटलं, "त्यांना सांगा ना, गाडी ठणठणीत आहे म्हणून."

"'जा बिनधास्त' असं एकदा सांगितलं होतं मी," काका म्हणाले आणि मीटरची वायर गुंडाळत राहिले.

मागच्या महिन्यात काका तापाने वर झोपून होते. बाई आल्या, तेव्हा खाली काकूच होत्या. बाईंनी खुंटीवरचा मीटर स्वतः काढला, लाल वायर लावली, मग काळी, आणि जिन्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "काका, चौदा पॉइंट एक."

वरून खोकल्याचा आवाज आला. मग, "ठीक आहे."

त्या गेल्यावर काकू माझ्या दुकानात आल्या. "कोण हो या? दर महिन्याला येतात. आल्या की हे रात्रभर कूस बदलत असतात."

मी गल्ल्यावरची धूळ पुसत म्हटलं, "गिऱ्हाईक आहे, काकू. जुनं."