घरात कुणाला होतं का?

"झोप झाली का गं?"

थेरगावात डांगे चौकाच्या मागे आम्ही भाड्यानं राहत होतो. तिथली आत्या सकाळी भेटेल त्याला हे विचारायची. लोक चहाचं विचारतात, जेवणाचं विचारतात; ही झोपेचं विचारायची. पहिल्या शिफ्टच्या बायका कंपनीच्या बससाठी पळत असायच्या, तरी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ती एकेकीच्या डोळ्यांत बघायची. "डोळं लाल हायत तुझं. आल्यावर पड जरा." आम्ही हसून पुढं जायचो.

ज्याला सगळे 'लहरी' म्हणून मोकळे होतात, असं एखादं माणूस तुमच्याही शेजारात असेल. आत्या तशीच. जागा तिच्या धाकट्या भावाची, अण्णांची. मूळची गावातली शेतकरी माणसं; शेत गेलं, बिल्डिंग आली, तिच्यात खोल्या काढून भाड्यानं दिल्या. अण्णांचं कुटुंब वरच्या मजल्यावर राहायचं, आत्या तळमजल्यावर एकटी. खोल्यांचं सगळं तीच बघायची. लग्न झालं होतं, पण नांदली नव्हती. का, ते कुणी विचारत नव्हतं.

मी लातूरहून आले, महाळुंग्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले, त्याच वर्षी तिनं सगळ्या खोल्यांची दारं पोपटी रंगवून घेतली. रंग पुरता वाळला नाही तोच तो तिला आवडेनासा झाला आणि पेंटर पुन्हा आला. त्याच आठवड्यात ती रिक्षानं आळंदीला गेली आणि तिथल्या वारकरी विद्यार्थ्यांना जेवायचं आवतण देऊन आली. टेम्पोभर पोरं टाळ घेऊन दारात उतरली तेव्हा आम्हाला कळलं. दुपारभर आम्ही भाडेकरू बाया पुरणपोळ्या लाटत होतो, आणि आत्या एकीचं ऐकून घ्यायच्या आत दुसरीला तिसरंच काम सांगत फिरत होती. मजा आली, खोटं कशाला सांगू.

महिन्याभरानं तीच आत्या भिंतीकडं तोंड करून पडून होती. डबा नेला की पाठ न वळवता म्हणायची, "ठेव. वाटलं तर खाईन." बिल्डिंगमध्ये कुणी म्हणे अंगात येतं, कुणी म्हणे करणी केलीय.

खरं काय ते मला पुढं कधीतरी कळलं. तिला चक्कर येत होती, सोबत हवी होती, आणि सेकंड शिफ्ट असल्यानं माझी सकाळ मोकळी होती. अण्णांच्या बायकोला, वहिनींना, तिनं 'आळंदीला जाते' म्हणून सांगितलं आणि रिक्षा हॉस्पिटलकडं वळवली. तिथल्या बाकावर बसल्यावर म्हणाली, "रगत तपासायचंय. गोळी अंगात किती हाय ते बघत्यात. समद्यांना बीपीची सांगते, पर माझी गोळी बीपीची न्हाई मंदा, डोक्याची हाय. अण्णाला म्हाईत हाय, त्याच्या बायकूला न्हाई. तू बी इसरून जा आता."

पुढं म्हणाली, "लागोपाठ झोप लागली न्हाई आन तरी दमल्यावानी वाटलं न्हाई, की समजायचं, चढाया लागलं. म्हणून इचारते समद्यांना."

मी विसरले नाही, पण बोललेही नाही.

अण्णांची मुलगी तनुजा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका पावसाळ्यानंतर ती गप्प झाली. कॉलेज बुडायला लागलं, केस विंचरायचे राहायला लागले. जवळच्या एका डॉक्टरांनी उदास मनावरच्या गोळ्या दिल्या. काही आठवड्यांत पोरगी उठली, हसायला लागली, आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग ती थांबेचना. केकचा धंदा काढायचा, लगेच कपड्यांचा, कॉलेज सोडून मनालीला जायचं. बोलणं इतकं भरभर की ऐकणाऱ्याला धाप लागावी.

आत्यानं तिला जिन्यात अडवलं. "झोप झाली का गं?"

"झोप म्हणजे टाइमपास आहे आत्या! मला लागतच नाही आता!"

आत्यानं कठडा धरला. मी तनुजाच्या मागंच उभी होते. आत्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

त्याच आठवड्यात तिनं अण्णांना तनुजाला मनाच्या डॉक्टरकडं न्यायला लावलं. वहिनींना वाटत होतं मोबाइलनं झालं; अण्णा म्हणत होते परीक्षेचं टेन्शन. आत्या मला म्हणाली, "तू चल माझ्यासंगं. घरच्यांत माझी जीभ उचलत न्हाई. भाईरचं माणूस असलं की धीर येतो."

अण्णा, वहिनी, तनुजा आणि आम्ही दोघी गेलो. डॉक्टरबाई शांत होत्या. तनुजाचं सगळं ऐकून घेतलं, मग तिला बाहेर नर्सजवळ बसवून त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास होता का? आई-वडील, आजोबा, काका, आत्या?"

"नाही," अण्णा लगेच म्हणाले. "आमच्यात कुणालाच नाही."

"हाय," आत्या म्हणाली. "मला हाय. आन आमच्या बाला व्हता."

अण्णांनी मान वर केली. "आपल्या बाला? आक्का, काय बोलतीयास?"

मग आत्यानं सांगितलं. एखाद्या दुसऱ्याच घरातलं सांगावं तसं, आवाज न चढवता. तिचा बाप आठवडे न् आठवडे जागायचा, विहिरी खणायला काढायचा, भररस्त्यात भाषणं द्यायचा. मग त्याला गोठ्यात बैलाच्या दाव्यानं बांधून ठेवायला लागले. तेव्हा ती सात वर्षांची. भाकरी नेऊन द्यायचं काम तिच्याकडं होतं, कारण दुसऱ्या कुणी गेलं की तो ओरडायचा. मनगटं सोलवटलेली असायची. तो तिला म्हणायचा, "सोड की गं बाय." ती सोडायची नाही. पाहुणे आले की सांगायचं, बा गावाला गेलाय. एका सकाळी दावं तुटलेलं दिसलं. बाप परत आला नाही.

"तू तीन वर्साचा व्हतास," ती अण्णांना म्हणाली. "तुला बी त्येच सांगितलं."

अण्णा साठीला आलेले, अंगानं धिप्पाड. ते टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाले, "मला वाटायचं, बा आपल्याला टाकून गेला." आणि त्यांना रडू आवरेना.

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला. मग सांगितलं की याला बायपोलर म्हणतात. मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं. अशा माणसाला नुसत्या उदासीवरच्या गोळ्या दिल्या तर कधी कधी ते चढतं. घरात कुणाला आहे हे कळलं, म्हणून आता औषध नीट निवडता येईल.

आत्यानं विचारलं, "मला कशानं झालं? रक्तानं, का त्या गोठ्यानं?"

"दोन्हीचा हात असू शकतो. घराण्यात असलं की शक्यता वाढते, पण प्रत्येकाला होतंच असं नाही. लहानपणी असं काही सोसलं असेल तर त्याचीही भर पडते. ताण असतो, जागरणं असतात. तुमच्यात कशाचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही."

"ह्यो बी त्याच घरातला. ह्येला कसं न्हाई झालं?"

"त्याचंही नेमकं उत्तर माझ्याकडे नाही."

आत्यानं मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाई खरी हाय. न्हाई ठाव तर न्हाई म्हणली."

वहिनी घरी आल्यावर आत्याला म्हणाल्या, "एवढी वर्षं बीपीची गोळी म्हणून मी तुम्हाला पाणी आणून देत होते. मला परकी समजलात."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन खाली आल्या आणि समोर बसून एकेका गोळीचं नाव विचारून घेतलं.

तनुजाचं औषध बदललं. तिला सावरायला बरेच महिने लागले, एक वर्ष वाया गेलं, पण ती कॉलेजला परत गेली. पुढं एक स्थळ आलं. आत्यानं हट्ट धरला की आधी सगळं सांगायचं. सांगितलं, माणसं चहा पिऊन गेली, पुन्हा फोन नाही.

"झालं समाधान?" अण्णा चिडले.

"व्हय, झालं. माझ्या वक्ताला कुणी सांगितलं न्हाई. तीन म्हैन्यांत धाडलं परत, वेडी दिली म्हणून."

तनुजा आतून ओरडली, "मला विचाराल का कुणी? मला एवढ्यात लग्नच करायचं नाहीये!" आत्या हसली. तिचं ते खळखळून हसणं मी फार वेळा ऐकलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. हृदय बंद पडलं, दुपारी, भाजी निवडता निवडता. आम्ही तोवर महाळुंग्यालाच राहायला गेलो होतो. दहाव्याला पवनेच्या घाटावर पोचले तेव्हा निवडणुकीतला कुणी इच्छुक उमेदवार माइकवर तिला 'थोर माउली' म्हणत होता. तिच्याशी तो कधी बोलला असेल असं वाटत नाही.

भाषणं संपली. अण्णा पिंडांपुढं बसले होते, तनुजा त्यांच्या पाठीशी. विधी उरकत आला तसे ते गुरुजींना म्हणाले, "माझ्या वडिलांचं दहावं-तेरावं काही झालेलं नाही कधी. त्यांचंही करायचंय."

गुरुजींनी विचारलं, वडील कधी वारले.

"ठाऊक नाही." अण्णांनी वडिलांचं पूर्ण नाव मोठ्यानं सांगितलं. भावकीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी चमकून एकमेकांकडं पाहिलं. "आजारी होते ते," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पाण्यासाठी ओंजळ पुढं केली.