रेंज होती

रेंज नव्हती, हे मी खोटं बोललो होतो.

गेल्या वर्षी, याच दिवशी, हमीदची बायको रुक्साना वहिनी यांनी मला विचारलं होतं, "त्यांचा फोन का नाय उचललात?"

मी म्हणालो, वाळवंटात रेंज नव्हती वहिनी.

फुल रेंज होती. शेजारी बसलेला माणूस व्हिडिओ बघत होता.

आज सकाळपासून आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली आहे. "आपले लाडके वेदर मॅन." "निसर्गापुढे कोणाचं काय चालतं."

निसर्गाला मध्ये आणू नका. निसर्गाने रीतसर नोटीस दिली होती. हमीदने ती वाचूनही दाखवली होती.

जे त्याला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. हमीदभाई मूळ रत्नागिरीचा, इथे आखातात लुसैलच्या एका बांधकाम साइटवर स्टोअरकीपर. शिक्षण बारावी, वेड आकाशाचं.

इथे उन्हाळा तोंडावर आला की अचानक विजांची वादळं उठतात. अरब लोक त्यांना सरायात म्हणतात. येतात, अर्धा तास झोडपतात, खलास.

अल नस्रमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर हमीद जुना ट्रान्झिस्टर घेऊन बसायचा. काटा मुद्दाम स्टेशन नसलेल्या जागी. लांब कुठे वीज चमकली की त्यात कडकड उमटते. फोनवर रडार होतंच, पण त्याचा विश्वास या डब्यावर.

माझं योगदान एकच, पाठशाळेत घोकलेलं संस्कृत. वीज दिसली की श्लोक सुरू करायचा. सावकाश म्हटला तर एका श्लोकाला दहा सेकंद लागतात. तीन श्लोकांच्या आत गडगडाट आला तर वीज जवळ आली, गच्ची सोडायची.

हमीदने आठवड्यात तिन्ही श्लोक पाठ केले. मी त्याला पर्जन्याचार्य म्हणायचो.

"मोजा शास्त्रीबुवा," तो म्हणायचा. "माझ्या नमाजाला उशीर झाला तर पाप तुमच्या श्लोकांवर."

त्याचं एकदा चुकलं. पाडव्याचा कार्यक्रम त्याच्या सांगण्यावरून आम्ही मैदानावरून हॉलमध्ये नेला, आणि आकाश दिवसभर घासून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख.

मग त्याचं नाव 'वेधशाळा' पडलं. छत्री घेतलेल्या उंटाचं चित्र ग्रुपवर फिरलं. ते कोणी केलं हे मला माहीत आहे. त्यावर हसायची इमोजी टाकणाऱ्यांत मी होतो.

सहलीच्या आदल्या दिवशी त्याने पुन्हा रडारचे फोटो टाकले. त्यामुळे मेनूचा विषय वर सरकून जातो, अशी तक्रार आली. अॅडमिन मी.

ग्रुपवर फक्त अॅडमिनला लिहिता येईल, असं सेटिंग केलं. एक बटण. यल्ला, चला पुढे.

शुक्रवारी दुपारी आम्ही अल रय्यानच्या पुढे, मोकळ्या वाळवंटात, शामियाना ठोकून अंताक्षरी खेळत होतो. डोक्यावर ढगाचा ठिपका नव्हता.

हमीद सहलीला न येता गच्चीवर बसला होता. एक वाजता मला त्याचा मेसेज आला. "पश्चिमेला बांधतंय. रेडिओ गप बसत नाय. दोनच्या आत निघा."

वाचला.

मग तीन फोन. मी मोबाइल सतरंजीवर पालथा ठेवला. तुझ्या मित्राने सहल पण मोडली, हे मला ऐकून घ्यायचं नव्हतं. बस. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तो गाडी काढून आला. कोणीतरी ओरडलं की वेधशाळा आली, पुलाव वाढा.

हमीद शांतपणे म्हणाला, "आधी पोरांना गाडीत घाला. मग माझ्यावर हसा. इन्शाल्ला मी पण हसेन."

पोरं गाड्यांत गेली, कारण त्याचा तो आवाज कोणी आधी ऐकला नव्हता. मग बाया, मग आम्ही. पश्चिमेला वाळूची भिंत उभी राहत होती. वीज चमकली. मी सवयीने श्लोक सुरू केला.

पहिला चरणसुद्धा पुरा झाला नाही.

आमचे सांस्कृतिक प्रमुख अजून शामियान्यात वायरी गुंडाळत होते. स्पीकर भाड्याचे, भिजतील. हमीद गाडीतून उतरला, धावत गेला, त्यांना दंडाला धरून ओढलं आणि बाहेर ढकललं.

वाऱ्याने शामियाना उचलला. लोखंडी खांब हमीदच्या डोक्यात बसला.

'निसर्गापुढे कोणाचं काय चालतं' हे आज सकाळी सर्वांत आधी लिहिलं ते याच सांस्कृतिक प्रमुखांनी.

त्या संध्याकाळी मला सात-आठ फोन आले. ग्रुप ओपन करा, श्रद्धांजली वाहायची आहे.

केला. जिवंत हमीदसाठी जे बटण मला दाबवलं नाही, ते त्याच्या फोटोसाठी दाबलं.

आज सकाळी रत्नागिरीला वहिनींना फोन लावला. सांगितलं की रेंज होती, मेसेज वाचला होता, फोन दिसत होते.



"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्यांचा मोबाइल माझ्याकडंच हाय. निळ्या खुणा पहिल्याच दिवशी बघितल्या. तुमी कधी सांगताय, ते बघत होते."

एक वर्ष. या वर्षात ईदला त्यांनी मला मेसेज केला, माझ्या लेकीच्या परीक्षेची चौकशी केली. निळ्या खुणा बघून ठेवून.

शेवटी एवढंच विचारलं, रेडिओ चालतो का. तो त्यांनी रत्नागिरीला परत जाताना मलाच दिला होता.

चालतो वहिनी.

तेव्हा मित्रहो, माझं सांत्वन करू नका, आणि त्याच्या फोटोला हार घालू नका. पुढच्या वेळी कोणी ढग बघून फोन केला तर उचला. हसायचंच असेल तर गाडीत बसून हसा.

हमीद, मी गच्चीवर आहे. काटा तू ठेवलास तिथेच आहे.

ग्रुप उघडा आहे.

बोल.