बाभळीच्या पाळण्यानं दाजींची बोलती बंद केली

लाकडी पार्टीवाल्यांनो, आज आपण जिंकलो!

रोलर कोस्टर लाकडी भारी का लोखंडी, यावर या ग्रुपवर आपण महिनाभर भांडत आलोय. लोखंडी पार्टीचे म्होरके म्हणजे माझे दाजी. त्यांचं लातुरात वेल्डिंगचं दुकान हाय. हैदराबादच्या लोखंडी कोस्टरवर दोन्ही हात वर करून काढलेला व्हिडिओ त्यांनी इथं चारदा टाकलाय. मी सुताराची लेक, मी कशाला ऐकते!

लाकडी कोस्टर आपल्याकडं न्हाई. पण आज चाकूरजवळच्या जत्रेत बाभळीचा, हातानं फिरवायचा चार पेट्यांचा पाळणा सापडला. दाजी हसले, "ह्यो तर लेकरांचा खेळ हाय."

पाळणेवाल्या मामूंनी त्यांच्याकडं एकदा नीट बघितलं. समोरासमोरच्या पेट्यांत वजन सारखं लागतं. म्हणून एका पेटीत एकटे दाजी, अन् त्यांच्यासमोर मी आणि ताई, दोघी!

तिसऱ्या फेऱ्याला दाजी पार वर पोचले आणि मामूंनी पाळणा हातानं धरून थांबवला. लाकूड करकरलं. पट्टा न्हाई, मोटार न्हाई, पोटापुढं नुसती एक आडवी दांडी. वरून आरोळी आली, "मामू, उतरवा हो! महादेवाऽऽ!" अख्ख्या जत्रेनं ऐकलं.

उतरल्यावर दाजींनी चपला घातल्या. मला वाटलं, आता गाडीकडं निघतील. तर ते सरळ जाऊन परत रांगेत उभे!

लोखंडी पार्टीवाल्यांनो, तुमचा म्होरका आमच्या रांगेत हाय. तुम्ही कवा येणार?